तिसऱ्या मजल्यावरचा हिरवा ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. ब्युनोस आयर्स शहरात, एका कोपऱ्यावरच्या सहा मजली इमारतीत माझा मुक्काम आहे. त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली, पण हे शहर मी पाहिलेले नाही. इमारतीचे मोठे दार उघडले की रस्त्याची हातभर फट दिसते, तेवढेच. तळमजल्यावरून सहाव्यावर जायचे आणि सहाव्यावरून तळमजल्यावर यायचे, एवढे माझे जग. माझ्या चारही बाजूंना लोखंडी गज आहेत आणि गजांभोवती संगमरवरी जिना वळत वळत वर जातो. इथले लोक मला लाडाने पिंजरा म्हणतात. पिंजऱ्यात शिरलेली माणसे मिनिटभरात बाहेर पडतात. मी आतच राहते.

तरी हे शहर मला ठाऊक आहे. ते माझ्याकडे बुटांना चिकटून येते. बागेत फिरून आलेल्यांच्या तळव्यांना विटांची तांबडी भुकटी असते. नदीकाठच्या वस्तीतून एकदा एक रंगारी आला होता. त्याच्या डब्यातला जहाजाचा उरलेला पिवळा रंग माझ्या फळीवर सांडला, तो थेंब अजून आहे. घुमट राखाडी असतात हे मला आमच्या इमारतीवरच्या घुमटाची दगडी कपची फुटून जिन्यात पडली तेव्हा कळले. नदी दुधाच्या चहासारखी दिसते असे लोक म्हणतात, पण मला तिची फक्त ओल माहीत आहे. ती माझ्या लाकडात शिरते आणि दार फुगवते. शंभर वर्षे प्रत्येक माणूस आत आला की म्हणतो, "उकाडा नाही हो एवढा, हवाच दमट." मला बोलता आले असते तर मीही हेच म्हटले असते.

आणि नोव्हेंबरात बुटांना नीलमोहराची फुले चिकटून येतात. जांभळी. ती माझ्या उंबऱ्याच्या खाचेत अडकतात आणि दोन दिवसांत तपकिरी होतात.

माझा जन्म एका लोहाराच्या हातून झाला. जेर्लांदो त्याचे नाव. तो समुद्रापलीकडून, इटलीच्या दक्षिणेकडून आला होता. इमारतीच्या मालकाला सगळे पॅरिससारखे हवे होते. बाहेरची भिंत दगडाची नाही, पण गिलाव्यात अभ्रक घालून ती दगडासारखी चमकवली होती. माझ्या गजांवर कुठल्याशा परदेशी झाडाची पाने काढायची, असा नकाशा होता. जेर्लांदोने काढली द्राक्षाची पाने. नकाशा करणारे साहेब म्हणाले, "हे चित्रातलं पान नाही."

"साहेब, जे झाड मी पाहिलं नाही, ते लोखंडाला कसं शिकवू?" जेर्लांदो म्हणाला.

पाने तशीच राहिली. आत शिसवी लाकूड लावले, एक आरसा बसवला, लाल मखमलीचा छोटा बाक केला. माझ्या डोक्यावर, जिन्याच्या पार वर, रंगीत काचांचे छत आहे. दुपारी ऊन त्यातून उतरते. तांबडे, निळे, हिरवे तुकडे गजांवरून सरकत खाली येतात. रंग मी तिथूनच शिकले.

अक्षरे मात्र मला उशिरा आली. माझ्या आरशाखाली पितळी पाटी होती. ती मला पंचवीस वर्षे नुसती नक्षी वाटत होती. मग सहाव्या मजल्यावर एक कुटुंब राहायला आले. त्यांची मुलगी नेलिदा सहा वर्षांची होती. ती रोज शाळेतून येताना पाटीवर बोट ठेवून म्हणायची, "दा-रे नी-ट ला-वा." दुसऱ्या मजल्यापर्यंत 'दारे' व्हायचे, चौथ्यापर्यंत 'नीट', आणि सहावा आला की 'लावा'. तिच्याबरोबर मीही शिकले.

त्या पाटीचा अर्थ असा की, प्रत्येक मजल्यावर एक घडीचे दार आहे. त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक पितळी जीभ आहे. दार पूर्ण लागले की जीभ खाचेत बसते आणि टक् असा आवाज येतो. सातही दारांचे टक् झाले तरच मी हलते. एक दार बोटभर उघडे राहिले, तर कुणी कितीही बटणे दाबोत, मी जागची हलत नाही. हट्ट नाही, माझी बांधणीच तशी आहे.

आता इथल्या लोकांची एक रीत सांगते, नाहीतर पुढचे कळणार नाही. इथे इमारतीचे दार आतूनही किल्लीनेच उघडते. पाहुणा आला की यजमान खाली जाऊन दार उघडतो. पाहुणा निघाला की यजमान पुन्हा खाली जातो. "थांब, खाली येतो दार उघडायला." हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले, तितके दुसरे कुठले ऐकले नाही. वर दिवाणखान्यात माणसे तीन तास बोलतात, पण खरे बोलणे माझ्यात होते, खाली उतरताना. "ऑपरेशन आहे माझं, सोमवारी." "ती परत येणार नाही." "तुझ्याशी भांडलो, चूक माझी होती." हे सगळे चौथ्या आणि पहिल्या मजल्याच्या दरम्यान.

पण निघण्याआधी ही माणसे उंबऱ्यावर अर्धा अर्धा तास निरोप घेतात. तेवढ्यात खालून कुणी मला बोलावून घेऊ नये, म्हणून काही जण दाराच्या फटीत काहीतरी खुपसून ठेवतात. मी तिथेच अडकते आणि बाकीचे बटण दाबत राहतात. तिसऱ्या मजल्यावरचे बाल्दासारे या कामात पटाईत. पूर्वी त्यांचे औषधांचे दुकान होते. उंचपुरा माणूस, बुद्धिबळाचा नाद. त्यांचे मित्र शुक्रवारी खेळायला येत आणि जाताना हरलेला डाव उंबऱ्यावर पुन्हा खेळत. बाल्दासारे औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून दाराच्या वरच्या कोपऱ्यात खुपसत. तिथे त्यांचाच हात पोचायचा.

नेलिदा मोठी झाली. काचेच्या कारखान्यात लागली. चर्चच्या, बँकेच्या, जुन्या घरांच्या रंगीत काचा ती दुरुस्त करी. एका वर्षी टरबुजाएवढ्या गारा पडल्या, असे लोक सांगतात. मी लिंबाएवढ्या म्हणेन. आमच्या छताच्या नऊ काचा फुटल्या. त्या नेलिदाने बसवल्या. तिसऱ्या ओळीतला मूळचा पिवळा तिला कुठेच मिळाला नाही, म्हणून तिने मधाच्या रंगाची काच घातली. त्यावरून ती वर्षभर चिडचिड करत होती. नोव्हेंबरात दुपारी बाराच्या सुमारास त्या काचेचे ऊन तिसऱ्या मजल्याच्या दारावर उतरते, दहा मिनिटे थांबते आणि जाते. ती जिन्याच्या कठड्याला रेलून ते पाहत बसायची.

तिने लग्न केले नाही. आई गेली, वडील गेले, भाऊ दक्षिणेला न्यूकेनला गेला आणि तिकडेच वारला. नेलिदा सहाव्या मजल्यावरच राहिली. आता ती चौऱ्यांशी वर्षांची आहे. गुडघे गेले आहेत. जिना तिने सात वर्षांत उतरलेला नाही. तिच्यासाठी जगात उतरायचा रस्ता म्हणजे मी.

दर गुरुवारी तिची मैत्रीण डेल्मिरा यायची. डेल्मिराची चौकाच्या कोपऱ्यावर फुलांची टपरी होती, आता भाचीने घेतली. तिच्या खुब्यात खिळा आहे. दोघी माझ्या बाकावर शेजारी बसून खाली उतरत, चौकात जात, नीलमोहराखाली बसून माटेचा कडू चहा एकाच नळीने पीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला-बुटांना नावे ठेवत. हे मला त्यांच्या बोलण्यातून कळे. दोघींच्या तळव्यांना जांभळा रंग असे.

मग ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी ते घडले. बाल्दासारेंच्या पाहुण्याचा निरोप संपला. त्यांनी पुठ्ठा ओढला, तो फाटला. अर्धा हातात आला, अर्धा कोपऱ्यात राहिला. त्यांच्या ते लक्षात आले नाही. दार लागल्यासारखे दिसले. जीभ खाचेच्या काठाला जेमतेम टेकली होती. मी त्यांना कशीबशी तळमजल्यावर नेले. पाहुणा गेला, बाल्दासारे परत आत आले, बटण दाबले, आणि तेवढ्या धक्क्याने तिसऱ्यावरची जीभ निसटली.

मी थांबले. तळमजल्यावर, दार उघडे, दिवा चालू.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने छतावरची मोटर पाहिली, दोर पाहिला, माझे वय विचारले आणि मान हलवली. दारे त्याने खालून वर जाताना हाताने हलवून पाहिली. सगळी लागलेली वाटली. वरच्या कोपऱ्यात पाहायला त्याला शिडी लागली असती, आणि शिडी गाडीत होती. त्याने माझ्या आरशावर 'बंद' असा कागद चिकटवला आणि गेला.

मित्रांनो, मला माहीत होते. कुठल्या मजल्यावर, कुठल्या कोपऱ्यात, केवढा तुकडा, सगळे माहीत होते. पण मला वर-खाली जाण्यापलीकडे दुसरी भाषा येत नाही, आणि तीच बंद झाली होती. शंभर वर्षांत मला पिंजरा पहिल्यांदा पिंजरा वाटला.

पहिल्या गुरुवारी डेल्मिरा आली. खालून बेल वाजवली. नेलिदाने गॅलरीतून मोज्यात किल्ली घालून खाली टाकली. इथे अशीच टाकतात. डेल्मिरा आत आली, जिन्याकडे पाहिले, खुब्यावर हात ठेवला आणि सरळ माझ्यात येऊन बाकावर बसली.

"अगं ए वरची," तिने मान वर करून हाक मारली.

माझ्या माथ्यावर नुसती गजांची जाळी, तिच्यात एक उघडी झडप, आणि त्यावर माझी वाट आता वरपर्यंत रिकामी होती. आवाज विहिरीतून यावा तसा वर गेला.

"बोल गं खालची," वरून उत्तर आले. नेलिदाने सहाव्या मजल्याच्या दाराशी खुर्ची आणून ठेवली होती. "काय घातलंयस?"

"निळा झगा. तुला काय, कुठलाही सांगितला तरी चालेल."

"नाटकाची दुर्बीण घेऊन बसलेय. झगा निळा नाही. आणि खाली बटण निघालंय."

तेव्हापासून तसेच चालू झाले. नेलिदा दोरीला छोटी टोपली बांधून गजांच्या फटीतून माझ्या वाटेने खाली सोडी. टोपलीत माटेचे भांडे आणि नळी. डेल्मिरा एक घोट घेई, टोपली वर जाई, नेलिदा पाणी भरून एक घोट घेई, टोपली खाली येई.

"गार झालंय हे," डेल्मिरा म्हणायची.

"सहा मजले उतरून आलंय. तू उतरून दाखव, मग बोल."

आमच्या इमारतीचा केअरटेकर फेर्मिन आयाला. कोरियेन्तेस प्रांतातला, सावकाश बोलणारा माणूस. तो माझे पितळ घासण्याचे निमित्त करून तिथे उभा राही. टोपली त्याच्या नाकासमोरून जाई आणि तो ती पाहिली नाही असे दाखवी.

पण निघायची वेळ झाली की वरचा आवाज उतरायचा. "तुला दारापर्यंत सोडायलाही येता येत नाही मला," नेलिदा म्हणायची. "घरी आलेल्या माणसाला स्वतःच किल्ली लावून जायला सांगायचं. आई असती तर बोलली असती."

डेल्मिरा बाकावरून उठे. किल्ली फेर्मिनकडे देई आणि काठी टेकत जाई.

नोव्हेंबर लागला. सोसायटीची सभा माझ्याच समोर तळमजल्यावर भरली. बाल्दासारे सगळ्यांत मोठ्याने बोलत होते. "शंभर वर्षांचं भंगार आहे हे. मेकॅनिकनं हात टेकले. स्टीलची बंद लिफ्ट बसवू. आवाज नाही, दाराची कटकट नाही."

"मोठ्याने बोला," वरून आवाज आला. "मी पण मालकीण आहे. मला ऐकू येत नाही."

"नेलिदाबाई, तुमच्याच सोयीसाठी चाललंय," बाल्दासारे मान वर करून म्हणाले.

"किती दिवस लागतील?"

"आठ महिने. फार तर नऊ."

मग नेलिदा म्हणाली, "माझा विरोध आहे. हात वर केलाय मी."

"हात दिसत नाही बाई."

"मग वर या बघायला. जिना तिथंच आहे."

लोक हसले, पण हात बाल्दासारेंच्याच बाजूने वर गेले. डिसेंबरात मला काढायचे ठरले.

दोन दिवसांनी गुरुवार होता. डेल्मिरा चौकातून नीलमोहराची फुले वेचून घेऊन आली होती. ती तिने टोपलीत ठेवली. टोपली वर गेली.

"रंग गेला गं वाटेतच," नेलिदा म्हणाली.

"फुलं आहेत ती. काचा नाहीत."

"लिसांद्रो येतोय रविवारी." लिसांद्रो म्हणजे तिच्या भावाचा मुलगा. "न्यायला येतोय मला. न्यूकेनला. म्हणतो, आत्या, लिफ्टशिवाय सहाव्या मजल्यावर काही झालं तर कोण धावणार. खुर्चीत बसवून दोघं जण खाली नेतील म्हणे."

"आणि परत कधी आणणार?"

"परतीचं काही बोलला नाही."

"काय आहे तिकडे?"

"वारा. आणि सफरचंदं."

"सफरचंदं इथंही मिळतात," डेल्मिरा म्हणाली. मग तिने बटव्यातून रुमाल काढला आणि माझ्या आरशाकडे पाठ करून बसली.

मी त्यांच्या मधोमध होते. एक वर अडकलेली, एक खाली, आणि मी तळाशी उघडे दार घेऊन. त्या दोघींना जोडणारी एकच गोष्ट या इमारतीत होती आणि ती निळ्या पुठ्ठ्याच्या एका तुकड्यापायी अडली होती. रविवारला तीन दिवस होते.

बारा वाजत आले होते. छतातून ऊन उतरू लागले. पाचव्या मजल्याच्या गजांवर तांबडे तुकडे पडले, चौथ्यावर निळे. वर नेलिदाची खुर्ची पुढे सरकली. बहुधा दुर्बीण डोळ्यांना लावून ती डेल्मिराचा चेहरा पाहायचा प्रयत्न करत होती आणि डेल्मिरा तो दाखवत नव्हती.

"अगं खालची," नेलिदाचा आवाज बदललेला होता. "तिसऱ्याच्या दारावर हिरवं काय आहे?"

"मला काय दिसणार? मी पिंजऱ्यात बसलेय."

"या वेळेला तिथं माझ्या काचेचं पिवळं ऊन पडतं. पिवळ्यात पितळ पिवळंच दिसतं, लोखंड काळं. हिरवं दिसायला तिथं काही नाहीच आहे."

"डोळे तपासून घे."

"तुझे तपास. फेर्मिनला हाक मार. शिडी घेऊन जा म्हणावं. आणि लवकर, ऊन दहा मिनिटंच थांबतं."

फेर्मिनने घाई आयुष्यात केली नव्हती. त्याने शिडी शोधली, ती आडवी धरून जिन्याला दोनदा अडकवली आणि तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा ऊन खाली सरकले होते.

"हिरवं काही नाही, बाई," तो शिडीवरून म्हणाला.

"नीट बघ. वरच्या कोपऱ्यात. जिभेपाशी."

"जिभेपाशी..." तो थांबला. "निळा पुठ्ठा आहे. फिकट निळा. आपल्या झेंड्याच्या रंगाचा. घडी घातलेला."

वरून नेलिदा हसली. तीन आठवड्यांत मी ते हसणे पहिल्यांदा ऐकले. "तोच. फिकट निळ्यावर पिवळं ऊन पडलं की हिरवं होतं. चाळीस वर्षं हेच केलं मी. काढ तो."

फेर्मिनने नखाने पुठ्ठा उपसला. पितळी जीभ पुढे सरकली.

टक्.

मित्रांनो, तो आवाज मी लाखो वेळा ऐकला असेन. त्या दिवशी तो माझ्या दोरापर्यंत गेला.

बाल्दासारे आवाज ऐकून दाराबाहेर आले होते. फेर्मिनने शिडीवरूनच पुठ्ठा त्यांच्यापुढे धरला. त्यावर खोकल्याच्या औषधाचे अर्धे नाव होते. उरलेले अर्धे नाव बाल्दासारेंच्या दाराशेजारच्या फळीवर, चष्म्याजवळ पडलेले होते. त्यांनी मागे वळून ते पाहिले.

"ते माझं आहे," ते हळूच म्हणाले.

"काय म्हणाला तो?" डेल्मिराने खालून विचारले. "मोठ्याने बोला. इथं ऐकू येत नाही."

"आणि इथंही," वरून नेलिदा म्हणाली.

बाल्दासारेंनी घसा साफ केला. मग ते कठड्यापाशी आले आणि माझ्या रिकाम्या वाटेत तोंड घालून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असे म्हणाले, "पुठ्ठा माझा आहे. दारात मी अडकवला होता. लिफ्ट चांगली आहे. चूक माझी."

कुठल्यातरी मजल्यावर एक दार हळूच लागले.

"चला मग, मी वर येते," डेल्मिरा म्हणाली आणि बटणाकडे हात नेला.

फेर्मिन धावत खाली आला. तोही धावू शकतो, हे त्या दिवशी कळले. "बाई, कागद लावलाय. कागद निघेपर्यंत बंद म्हणजे बंद."

"अरे, चालतेय ना ती."

"चालतेय. पण बंद आहे."

डेल्मिरा त्याला बरेच बोलली. त्यातले काही मी इथे सांगणार नाही. पण फेर्मिन हलला नाही, आणि त्याचे बरोबर होते. शुक्रवारी मेकॅनिक आला, या वेळी शिडी घेऊन. त्याने सातही दारांचे कोपरे पाहिले, दोर पाहिला, मला रिकामी चार वेळा वर-खाली नेले आणि आरशावरचा कागद काढला. गोंदाचा डाग राहिला, तो फेर्मिनने संध्याकाळपर्यंत घासला.

रविवारी सकाळी मी सहाव्या मजल्यावर उभी होते. नेलिदाने लवकरच बोलावून घेतले होते. घराचे दार उघडे होते आणि ती पॉलिश केलेले काळे जोडे घालून खुर्चीवर बसली होती. बेल वाजली. तिने भिंतीवरचा फोन उचलला. खालून लिसांद्रोचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"आत्या, मी आलो. खोकी आणलीत. चावी टाक."

"चावी टाकणार नाही," नेलिदा म्हणाली. "थांब, खाली येते दार उघडायला."

"आत्या, तू कशी येणार?"

तिने फोन ठेवून दिला होता.

ती माझ्यात आली. आरशात पाहून तिने ओठांवरची लाली बोटाने सारखी केली. घडीचे दार ओढले, टक् झाले, तरी काठीचे टोक वर नेऊन तिने कोपऱ्यात काही अडकले नाही ना हे पाहिले. मग बटण दाबले. पाचवा, चौथा. तिसऱ्या मजल्यावर बाल्दासारे वर्तमानपत्र घेऊन उभे होते. ते बाजूला झाले आणि मान लववली. नेलिदाने पाटीवर बोट ठेवले होते, लहानपणी ठेवायची तसे. पण आता ती वाचत नव्हती.

तळमजला आला. तिने इमारतीच्या मोठ्या दाराला किल्ली लावली. रस्त्याची फट उघडली. ऊन, समोरच्या भिंतीचा पिवळसर रंग, आणि दारात पन्नाशीचा एक माणूस दोन्ही काखांत दुमडलेली खोकी घेऊन.

"आत्या," एवढेच तो म्हणाला.

"खोकी आण आत. काचा भरायला बरी पडतील. पण आधी चौकात जाऊ. डेल्मिरा झाडाखाली बसलीय, तिचा चहा गार होईल."

"आपण वर बसून जरा बोलू या का?"

"खाली बोलू. मी तीन आठवडे वरच होते."

ती गेली. दार लागले आणि फट मिटली. मी तळमजल्यावर उभी राहिले. त्या सकाळी कुणी कुठूनही बटण दाबले असते तरी मी गेले असते, पण कुणी दाबले नाही. रविवारी इथे सगळे उशिरा उठतात.

दुपारी ती परत आली. एका बाजूला लिसांद्रो, दुसऱ्या बाजूला डेल्मिरा. तिघे माझ्यात मावले. बाकावर कुणी बसायचे यावरून दोघींचे पहिल्या मजल्यापर्यंत चालले. नेलिदाच्या जोड्यांच्या तळव्यांना जांभळी फुले चिकटली होती आणि प्रत्येक पावलाला माझ्या फळीवर एक ओला ठसा उमटत होता. माझ्या लाकडावर, त्या जुन्या पिवळ्या थेंबाशेजारी. शहर पुन्हा माझ्याकडे आले होते.

लिसांद्रो बुधवारी परत गेला. खोकी फेर्मिनने ठेवून घेतली. निघताना नेलिदा त्याच्याबरोबर माझ्यात खाली उतरली. दुसऱ्या मजल्यापाशी तो म्हणाला, "आत्या, मला भीती वाटते तुझ्यासाठी." ती म्हणाली, "मलाही वाटते. पण तिकडेही वाटली असती." मी म्हटले ना, खरे बोलणे उतरतानाच होते.

बाल्दासारेंनी सभेत आपले मत परत घेतले. मला काढायचे एक वर्ष पुढे गेले आहे. पुढच्या वर्षी ती बंद स्टीलची लिफ्ट येईलही. तिच्यातून आवाज वर जाणार नाही, टोपलीही जाणार नाही, ऊनही उतरणार नाही. मी म्हातारी आहे, त्याबद्दल माझी कुणाशी तक्रार नाही. त्या रविवारी एक फूल माझ्या उंबऱ्याच्या खाचेत अडकले होते. फेर्मिनने ते काडीने उचलले आणि म्हणाला, "हेही अडकायचं एखाद्या दिवशी." टाकून मात्र दिले नाही. आरशाच्या चौकटीवर ठेवले. ते आता तपकिरी झाले आहे.

मित्रांनो, तुमच्या इमारतीतही माझी एखादी बहीण असेल. तिच्या वतीने मी एकच मागते. दारात काही अडकवू नका. मिनिटभराचेच काम आहे असे वाटले तरी नका. बाहेर पडलात की मागे वळा, दार पूर्ण ओढा, आणि टक् ऐकूनच पुढे जा. वर कुणीतरी जोडे घालून थांबलेले असते.